फट ठेवायची होती

पनवेलमध्ये फायरप्लेस बसवतो म्हटलं की लोक आधी हसतात. पंखा बंद करा, तेवढ्याने भागेल, म्हणतात. पण माथेरानच्या पायथ्याला जे बंगले झालेत, तिथे जानेवारीत खरंच थंडी असते. माझा दोस्त फुजैल, त्याने तिथेच घर बांधलंय. मस्कतहून कायमचा परत आला, अम्मीचे गुडघे थंडीत धरतात, म्हणून त्याने लाकडावर चालणाऱ्या लोखंडी स्टोव्हचं काम मला दिलं. मी हे व्हिडिओ बघून आणि मॅन्युअल वाचून शिकलो. कोर्स वगैरे नाही.

अडचण होती ती फळीची. फुजैलच्या अब्बांची उरणला होडी होती. ती मोडली तेव्हा सागाची एवढी एकच फळी उरली. ताहिराचाची, म्हणजे फुजैलची अम्मी, खुर्चीतून फार उठत नाही. फळी स्टोव्हच्या वर हवी आणि बसल्या बसल्या हात पोचला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

"चाची, मॅन्युअलमध्ये लाकूड याच्या दुप्पट उंच सांगितलंय."

"मॅन्युअल लिहिणारा माझ्या खुर्चीत बसलाय काय?"

मागची भिंतपण लाकडी पॅनलची. म्हणून मी तिच्यापुढे एक इंच सोडून सिमेंटचा बोर्ड लावला. खाली उघडा, वर उघडा. खालून हवा शिरते, गरम होऊन वरून निघते, मागचं लाकूड थंड राहतं. सुतार कमलाकरदा, कामोठ्याचा. त्याला सांगितलं, "दादा, ही फट तशीच ठेव." आणि मी धुराच्या पाइपाचं सामान आणायला गेलो.

परत आलो तर काम बघण्यासारखं चकाचक! बोर्डाला वर-खाली सागाची पट्टी, पॉलिश मारलेली. फट गायब. आणि चाचीने सांगितलं म्हणून फळीपण तिच्या हाताच्या उंचीला ठोकलेली. मला हे दिसलं तोवर फुजैलने हौसेने स्टोव्ह पेटवला होता.

पॉलिशचा वास आला. फळीच्या खालच्या बाजूला हात लावला आणि लगेच काढला.

"फुजैल, लाकडं घालू नकोस आता. स्टोव्हचं दार बंद कर, विझू दे."

कमलाकरदा चिडला. "पट्टी तू काढायला लावणार, मला म्हायती हाय. अरे, फट दिसली की लोकं बोलतात, सुतार कच्चा हाय. तीस वर्सं आमी फटीच बुजवतोय!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सुताराला फट ठेव म्हणणं म्हणजे आचाऱ्याला भात करपव म्हणणं.

"दादा, ती फट नाय. हवेची वाट हाय."

"मग वाट बोल ना! वाट कोण बुजवल?" त्याने पटाशी काढली आणि पुटपुटत दोन्ही पट्ट्या उचकटल्या.

फळीचं मात्र शब्द बदलून सुटणार नव्हतं. वर नेली तर चाचीचा हात पोचत नाही, तिथेच ठेवली तर एक दिवस काळी पडून पेट घेणार. मी तसं तिला सरळ सांगितलं. फुजैलने तिची खुर्ची पुढे सरकवली. तिने फळीला हात लावला आणि तिनेही लगेच मागे घेतला.

"ही तर तापली रे." मग फुजैलकडे वळली. "तुझ्या अब्बांनी होडीत कधी बिडी पेटवू दिली नाही कुणाला. आणि मी ती चुलीवर चढवली!"

"मग कुठे लावू, अम्मी?"

"उरणकडची खिडकी कुठली?"

कमलाकरदाने खिडकीखाली फळी लावली, खुर्चीच्या हाताएवढ्या उंचीला. तिथे शेक जेमतेम पोचतो, म्हणून गुडघ्यांसाठी चाची स्टोव्हपाशी बसते आणि मग फुजैलला हाक मारते, "ने मला होडीवर." दिवसातून कितीदा तरी. तो कुरकुरतो, पण नेतो.

स्टोव्हच्या वरची भिंत मोकळीच आहे. कमलाकरदा त्या दिवशी जाताना तिच्याकडे बघत होता.

"इथं एक छोटी पट्टी..."

"दादा!"

"बरं बाबा. वाट, वाट."