प्रमिलाबाईंचा आवाज

"मॅडम, जो बोलना है अभी बोल लो. फिर सात दिन खलास," हिरव्या गाऊनच्या नाड्या बांधता बांधता सिस्टर म्हणाली.

"सिस्टर, सात के चौदह नहीं हो सकते?" शुभ्राच्या नवऱ्याने, अंकुरने विचारलं.

सिस्टर हसली. शुभ्राचं लक्ष दुबईतल्या त्या हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. अकरा पंचवीस. म्हणजे चिंचवडला एक वाजायला पाचच मिनिटं.

"फोन दे," ती म्हणाली.

"अगं, आत्ता आत नेतील तुला."

"दे ना."

अंकुरने फोन दिला आणि खिडकीपाशी जाऊन तो खालचं पार्किंग बघत उभा राहिला. हा फोन चालू असला की तो नेहमी दुसरीकडेच बघायचा.

पलीकडे चिंचवडला दर्शनाने फोन उचलून स्पीकरवर टाकला. शुभ्राने घसा खाकरला नाही. खरखरीत, तळाशी फाटलेला, आज जसा होता तसाच तिला आवाज हवा होता.

"अहो, मी बोलतेय."

"कुठे आहेस गं? किती वेळ पानावर बसलोय."

"सांगून नाही का निघाले? जेवून घ्या तुम्ही, पोळी गार होते. आणि हे बघा, आठवडाभर माझा फोन नाही येणार. रोज वेळेवर जेवायचं. काय?"

"बरं. तू तुझ्या गोळ्या घेतल्यास का?"

"घेतल्या."

फोन ठेवून तिने डोळे मिटले. ज्यांना ती अहो म्हणाली, ते तिचे वडील होते.

प्रमिलाबाई, म्हणजे शुभ्राची आई, जाऊन दीड वर्ष झालं होतं. वडिलांना, हेमचंद्रांना विसरण्याचा आजार त्याआधीच लागलेला. बायको गेल्यावर काही दिवस त्यांना सगळं समजत होतं, रडलेही. मग एका दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, प्रमिला आल्याशिवाय मी जेवणार नाही. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या दर्शनाने घाबरून दुबईला फोन लावला, "ताई, आजोबा जेवंना झालेत. तुम्हीच सांगा काहीतरी."

"बाबा," शुभ्रा म्हणाली.

"प्रमिला? अगं, कुठे आहेस तू?"

सहा वर्षं केजीची पोरं सांभाळून, ओरडून ओरडून शुभ्राच्या स्वरयंत्रावर एक गाठ आली होती. त्या गाठीने तिचा आवाज नेमका आईच्या म्हातारपणच्या आवाजाजवळ नेऊन ठेवला होता. तिने सांगून पाहिलं, बाबा, मी शुभ्रा. त्यांनी नाव ऐकलंच नाही, आवाज तेवढा ऐकला. शेवटी तिच्या तोंडून ते गेलं, "अहो, जेवून घ्या." सख्ख्या बापाला अहो! आणि तिकडून दर्शना कुजबुजली, "ताई, घेतला बघा घास."

तेव्हापासून रोज साडेअकराच्या सुट्टीत, शाळेच्या क्राफ्ट रूममध्ये, रंगीत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये उभी राहून शुभ्रा आपल्या वडिलांची बायको व्हायची.

आधी ते नुसतं जेवणापुरतं होतं. मग आई आवाजापुरती थांबेना. फोन ठेवल्यावर शुभ्राचा हात खांद्यावर नसलेला पदर सारखा करायला जायचा. कधी न ऐकलेल्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, असं बोलता बोलता वाटायचं. एकदा हेमचंद्र मध्येच म्हणाले, "तुझे वडील गेले तेव्हा मी तुला वेळेवर पाठवलं नाही. राग आहे का गं अजून?" शुभ्रा पटकन म्हणाली, "नाही हो." त्यानंतरचे दोन तास ती पोरांकडून बेरजा करून घेत होती आणि मनात एकच चाललं होतं. ही माफी मी कुणाच्या वतीने दिली? आईने दिली असती का?

गाठ काढणं ती आठ महिने टाळत होती. कधी शाळेच्या परीक्षा, कधी इन्शुरन्सची मंजुरी. शेवटी आवाज अख्खा अख्खा दिवस नाहीसा व्हायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही. मायनर प्रोसीजर आहे, म्हणाले. संध्याकाळी घरी.

खरंच संध्याकाळी ती अल बर्शा भागातल्या आपल्या घरी होती. बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. अंकुरने खाली सुपरमार्केटातून पांढरी पाटी आणि पेन आणलं होतं.

"बारा दिरहम! पावणेतीनशे रुपयांची पाटी. आता त्यावर माझ्याशी भांडायचं नाही, शाई संपेल."

"मम्मा, ब्लिंक ट्वाइस फॉर यस," पाच वर्षांच्या अस्मीने हुकूम सोडला. "वन्स फॉर नो." तिने लगेच चॉकलेट मागितलं आणि आईच्या डोळ्यांकडे टक लावून बसली.

तिसऱ्या दिवशी दर्शनाचा मेसेज आला. कालपासून जेवले नाहीत. नुसता चहा.

शुभ्राने मेसेज अंकुरपुढे धरला. त्याने स्वतः बोलून पाहिलं. "बाबा, अंकुर बोलतोय." हेमचंद्रांनी अदबीने विचारलं, कोण अंकुर? मग अंकुरला काहीतरी सुचलं. त्याने शुभ्राचा फोन घेऊन जुनी व्हॉइस नोट शोधली. हे सगळे सुट्टीहून दुबईला परतले तेव्हा आईने पाठवलेली, एवढी एकच उरली होती. शुभ्राने नकारार्थी मान हलवली, पण तोवर त्याने दोन्ही फोन एकमेकांजवळ धरले होते.

"पोचलात का गं? विमानात काही खाल्लंत का?"

खोलीत आई बोलली.

"विमानात?" तिकडून हेमचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उजळला होता. "अगं, मी तर घरीच आहे."

पुढे काही नव्हतं. अंकुर गडबडला, त्याने ती पुन्हा लावली.

"पोचलात का गं? विमानात काही खाल्लंत का?"

"घरीच आहे म्हटलं ना. तू कुठे आहेस?"

नोट संपली होती.

"प्रमिला, मी विचारतोय काहीतरी. तू ऐकत का नाहीस माझं?"

शुभ्राने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मग पाटी ओढून खरडलं: बंद कर.

"नगा लावू ताई ते," दर्शना हळूच म्हणाली. "फोन उलटा करून मागं बघायलेत."

उरलेले दिवस दर्शनाने दूधभात, केळं, काय काय करून काढले. शुभ्रा सोफ्यावर पडून राहायची. मुकेपणात घर फार मोठं झालं होतं. साडेअकरा वाजले की ती फोन उचलायची आणि पुन्हा ठेवून द्यायची.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला आणि म्हणाले, "यल्ला, कम ऑन, से ईईई."

"ईईई," शुभ्रा म्हणाली आणि दचकली. तो स्वच्छ, पातळ आवाज कुणा कॉलेजातल्या मुलीचा होता.

"ब्यूटिफुल!" डॉक्टर म्हणाले.

घरी अस्मीने दार उघडलं. "मम्मा, यू साउंड न्यू!"

साडेअकराला शुभ्राने फोन लावला. अंकुर या वेळी खिडकीकडे गेला नाही. शेजारी बसून राहिला.

"अहो, मी बोलतेय."

"कोण?"

तिने घशाच्या तळाशी जाऊन आवाज खरवडला. "मी हो. ओळखलं नाहीत?"

"नाही बुवा. आपल्याला कोण पाहिजे?"

डोळ्यांत पाणी येईपर्यंत घसा जळला. आणखी जोर लावणार तोच अंकुरने तिच्या मनगटावर हात ठेवला. ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा तिने काहीच खरवडलं नाही.

"प्रमिलाबाई आहेत का?"

"ती नाहीये. बाहेर गेलीय. काही निरोप होता का?"

"निरोप त्यांचाच आहे. यायला उशीर होईल, तुम्ही थांबू नका म्हणाल्या. जेवून घ्या."

"तुम्हाला भेटली ती?"

"हो."

"कशी आहे?"

शुभ्राने अंकुरकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"बरी आहे," ती म्हणाली. "मजेत आहे."

"रागावलेली वाटली का?"

"ते मला नाही सांगता येणार."

"बरोबर आहे. तुम्हाला कसं कळणार?" ते थोडं हसल्यासारखे वाटले. मग तोंड वळवून म्हणाले, "दर्शना, वाढ गं. तिचा निरोप आलाय." पुन्हा फोनजवळ येऊन त्यांनी सावकाश, अनोळखी माणसाशी बोलावं तसं विचारलं, "परत भेटली तर एक सांगाल का तिला? मी जेवलो म्हणून."

"सांगते, बाबा."

त्या पहिल्या 'अहो'नंतर तिने त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ताटात वाटी टेकल्याचा आवाज आला, मग खुर्ची पुढे ओढल्याचा. दर्शना फोन बंद करायला विसरली होती. शुभ्राने तो तसाच कानाशी धरला आणि आपले वडील शेवटच्या ताकभातापर्यंत जेवताना ऐकत ती बसून राहिली.