डोळ्याने जोखलेली मुंगी

या, बसा. आधी एवढं सांगा, माणसाने विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलतो त्याच्यावर, वयाने मोठा आहे त्याच्यावर, की नीट जोखून सांगतो त्याच्यावर? तुम्ही म्हणाल, हा आपलंच घोडं पुढे दामटतोय. दामटतोय खरा. कारण मी एक तराजू बोलतोय. खिळे, स्क्रू, कड्या आणि बिजागऱ्या विकणाऱ्या दुकानातला, दोन पितळी पारड्यांचा तराजू.

माझी दांडी एका लोहाराने ठोकली आणि मला आमच्या मालकांच्या वडिलांनी विकत घेतलं. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक समोर आलं की आधी रिकामी पारडी दाखवायची, काटा मध्यावर उभा आहे हे त्याला बघू द्यायचं आणि मगच मालाला हात घालायचा. मालकांनीही तो नियम कधी मोडला नाही.

फळीवर बसून मी माणसं पुष्कळ पाहिली. प्रत्येकाला वाटतं, आपला हात म्हणजेच तराजू. आमचे सुतारकाका मूठभर खिळे उचलून म्हणणार, "हे अर्धा किलो भरतील." कधी भरले नाहीत. मग काका खिळ्यांकडे बघत नाहीत, माझ्याकडे संशयाने बघतात. चूक हाताची आणि खापर काट्यावर! असो. धंद्यात असं चालायचंच. घरात तसं चालू लागलं की मात्र पंचाईत होते.

दुकानामागेच मालकांचं घर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. रांगू लागल्यापासून ती फळीखाली बसायची आणि खिळे एकामागे एक लावत राहायची, मुंग्यांच्या रांगेसारखे. म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. चार मापांचे खिळे एकत्र सांडले तर ही पोर ते चटाचटा वेगळे करी. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत, "बघा, दुकानाची खरी मालकीण ही."

तिला सगळ्यांत प्रिय होतो मी. रिकाम्या पारड्यात लोखंडी वजन टाकलं की टण्ण असा आवाज होई आणि मुंगी असेल तिथून धावत येई. पारडी वरखाली होत, काटा डुले आणि तो थांबेपर्यंत ती हात फडफडवत बघत उभी राही. हे मालकांच्या ध्यानात आलं आणि घरात पद्धतच पडली. जेवायला बोलवायचं, टण्ण. आंघोळीला, टण्ण. झोपायला, टण्ण. घसा कोरडा करायची गरजच नाही. आपली पोर एका हाकेत येते, असं मालक अभिमानाने सांगत. ती हाक तिच्या नावाची नव्हती, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मुंगी तीन वर्षांची होऊन गेली, तरी बोलत नव्हती. काही मागायचं तर आईचं मनगट धरून तिला डब्यापाशी नेऊन उभी करायची. मालकीणबाईंच्या मनात पाल चुकचुकायची. ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, माझ्या हाताकडे बघते, असं त्या म्हणायच्या. मालक म्हणायचे, लक्ष कामात आहे तिचं. मालकांच्या आईला सगळे माई म्हणत. माईंचं उत्तर ठरलेलं, "अगं, हासुद्धा उशिराच बोलायला लागला. आता बघ, तोंड मिटतं का त्याचं?" सगळे हसत आणि विषय तिथेच मिटे.

मग माझी तपासणीची वेळ आली. आम्हा तराजूंना दरवर्षी वजनमापाच्या कचेरीत जावं लागतं. तिथे दांडी, काटा, वजनं सगळं तपासून शिक्का मारतात. मी परत आलो तोवर इकडे काय घडलं, ते मालक सुतारकाकांना सांगत होते तेव्हा मला कळलं.

टेम्पोतून तारेची भेंडोळी उतरत होती. त्या गडबडीत मुंगी दिसेना. मी नसल्यामुळे टण्ण करायची सोय नव्हती. मालकांनी हाका मारल्या, शेजारच्यांनी मारल्या, मालकीणबाई रस्त्यावर धावल्या. पोर होती फळीखालीच, भेंडोळ्यांच्या आड. मालक वाकले तेव्हा ती बिजागऱ्यांची रांग लावत होती.

"काका, तिच्या कानाशी ओरडलो मी," मालक म्हणाले. "तिने बिजागरी सरळ केली, पण मान वळवली नाही."

काकांच्या आधी बोलला तो खिळे घ्यायला आलेला रंगकामाचा ठेकेदार. कुठे तरी कुणी औषधाचे थेंब देतात, महिन्याभरात पोर पोपटासारखी बोलेल, माझी हमी, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मालकांनी पत्ता विचारला. माई आतून म्हणाल्या, काही नको, वय वाढेल तशी बोलेल. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. माझ्यावरचा नवा शिक्का दाखवत म्हणाल्या, "हा दुकानाचा तराजू दरवर्षी तपासायला पाठवता. गिऱ्हाईक म्हणालं बरोबर आहे, म्हणून घरी ठेवून घेत नाही. आणि आपल्या पोरीला मात्र जो येतो तो नुसत्या डोळ्याने जोखून जातो."

मालकांनी पत्ता लिहायला घेतलेली पेन्सिल खाली ठेवली. ठेकेदाराने आपले खिळे उचलले आणि वाट धरली.

रात्रीच्या जेवणापर्यंत माईंनी धुसफुस केली. त्यांची भीती वेगळीच होती. पोरीवर एकदा शिक्का बसला की तो पुसला जायचा नाही, लोक नावं ठेवतील. पण नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबून राहू नका. आधी कान तपासले, ते उत्तम निघाले. मग मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंची वेळ घेतली. ती वेळ यायला बरेच दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत मालक वजनात दोनदा चुकले. माझ्यासमोर असं कधी झालं नव्हतं.

तिथे काय झालं, हेही मी दुकानातच ऐकलं. डॉक्टरबाई जमिनीवर बसून मुंगीशी खेळल्या, साबणाचे फुगे उडवले, तिच्या नावाने हाक मारून बघितलं. मग आईबापांना विचारू लागल्या. मालक जातीचे दुकानदार. त्यांनी चांगला माल वर मांडला. खिळे कसे निवडते, माप कसं ओळखते. मालकीणबाईंनी त्यांची बाही ओढली, "अहो, खालचाही दाखवा." मग मनगट धरून नेणं निघालं, मिक्सर लागला की कान झाकून कोपऱ्यात बसणं निघालं, नेहमीचा रस्ता बदलला की जमिनीवर लोळण घेणं निघालं. आणि टण्णसुद्धा निघालं.

डॉक्टरबाई तिथे थांबल्या. "म्हणजे तुम्ही सगळे तिची भाषा शिकलात," त्या म्हणाल्या. "म्हणून तिचं न बोलणं तुम्हाला उशिरा जाणवलं."

एका भेटीत निकाल दिला नाही त्यांनी. पुन्हा बोलावलं, पुन्हा बघितलं आणि मग सांगितलं की हा ऑटिझम आहे, ज्याला स्वमग्नता म्हणतात. तिच्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे. थेंबांनी ती बदलत नाही. पण बोलणं, खेळणं, आपली गरज सांगणं हे तिच्या पद्धतीने शिकवता येतं आणि ते लगेच सुरू करायचं. मालकीणबाईंनी एकच विचारलं, माझं काही चुकलं का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. कुणाचंच नाही."

"काका, येताना बसमध्ये ही माझ्या खांद्यावर झोपली," मालक म्हणाले. "कित्येक महिन्यांनी अशी गाढ झोपली. मलाच रडू आलं, पण हलकं वाटलं हो. पुढे काय करायचं, ते तरी कळलं."

माईंनी विचारलं, बरी होईल ना? मालक म्हणाले, "आजारी असेल तर बरी होईल. ती आजारी नाहीच. शिकेल, तिच्या चालीने." माईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "बरं, तर मग मला काय शिकायचंय ते सांगा."

आता दुकानात विजेवरचा काटा आलाय. चुणचुणीत आहे पोरगा, आकडे झरझर दाखवतो. मी घरात आलो, मुंगीच्या हाताला लागेल अशा फळीवर. शिकवणाऱ्या ताईंनी खेळ सांगितलाय. एक लाकडी ठोकळा आईने पारड्यात ठेवायचा, मग थांबायचं. एक मुंगीने ठेवायचा, मग थांबायचं. थांबणं माईंना जड जातं, त्यांचा हात सारखा पुढे येतो आणि सून तो मागे ओढते. दोघी हसतात. परवा मुंगीने आपला ठोकळा ठेवला आणि आई मुद्दाम थांबून राहिली. पोरीने पारड्याकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं आणि मग मान वर करून आईच्या डोळ्यांत बघितलं. शब्द नव्हता. पण तुझी पाळी, असं म्हणणारी नजर होती. मालक दारात उभे होते. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि आमचा पक्का दुकानदार तिथून हलला नाही.

माझं एवढंच. मी आता माल जोखत नाही, त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायला मोकळा आहे. तुमच्या घरात लेकरू असेल, तर त्याचा हिशोब खरा ठेवा. त्याला येतं ते कौतुकाने मांडा, येत नाही तेही न लाजता मांडा आणि जोखणं ज्याचं काम आहे त्याच्यापुढे दोन्ही बाजू जशाच्या तशा ठेवा.