उघडी बोटं

"हे काय आहे?" सरांनी पडद्यावरच्या सगळ्यात उंच रेषेवर बोट ठेवलं. "केराटिन. माणसाची कातडी! तीन वर्षांच्या कामावर पाणी. हातमोजे न घालता कोण बसलं होतं?"

संशोधन करणाऱ्या पोरीने मान खाली घातली. प्रयोगशाळेचे जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचे काका, शेजारीच उभे होते. ते मूग गिळून गप्प बसले.

काचेची ती नळी केसाएवढी. तिचं एक टोक नमुन्यात, दुसरं वजन सांगणाऱ्या यंत्रात. विजेच्या ओढीने प्रथिनं तिच्यातून एकामागून एक सरकतात आणि यंत्र त्यांना तोलतं. नळी कापावी, जोडावी तर काकांनीच, अशी ख्याती होती. पण वर्षभरात ती नळी मोज्यांतून त्यांच्या बोटांना जाणवेनाशी झाली होती. चष्म्याचा नंबर वाढला हे माणूस सहज सांगतो. बोटं गेली हे कोणत्या तोंडाने सांगायचं? काल पोरगी जेवायला गेल्यावर त्यांनी हळूच मोजे काढले, नळी जोडली आणि टोक नमुन्यात सोडलं. नमुना म्हणजे एका रुग्णाच्या मणक्यातल्या पाण्याचा शेवटचा थेंब. रुग्ण आता हयात नव्हता.

दुपारी काका सरांच्या खोलीत गेले. "सर, तो हात माझा होता."

"अंदाज होता मला," सर वर न बघता म्हणाले. "निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमच्या, कशाला बोभाटा करता? ती लहान आहे, विसरेल."

काकांना हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं याचीच लाज वाटली, आणि ते जिना उतरून प्रयोगशाळेकडे निघाले. तीस वर्षं ज्याला त्याला मोज्यांवरून फैलावर घेतलं होतं त्यांनी.

खाली पोरगी तेच टेबल तिसऱ्यांदा पुसत होती. त्यांना पाहून तिने दोन्ही हात पुढे केले. "बघा ना काका, आता तरी नीट घातलेत का? कधी काढले होते, मला खरंच आठवत नाही हो."

"तू नव्हतेस काढले. मी काढले होते. मोज्यांतून नळी कळत नाही मला आता."

तिचे हात तसेच राहिले, मग खाली आले.

"सकाळी बोलला नाहीत."

"नाही बोललो."

तिने नळीचं नवं वेटोळं आपल्यापुढे ओढलं. "कापायचं कसं ते सांगा. हात लावू नका, नुसतं सांगा."

काकांनी हात पाठीमागे बांधले आणि सांगायला सुरुवात केली.