सोललेला शिंगाडा

सुष्मितानं जॅमची बाटली टेबलावर ठेवली आणि पदरानं झाकण पुसलं. घरून निघताना दोनदा धुतलेलं होतं, तरी पुसलं. आत मिठाच्या पाण्यात एक चपटा, मांसल, पानाच्या आकाराचा जीव होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. सकाळी लेकीच्या, पवित्राच्या, शीच्या भांड्यात तो हलताना दिसला होता.

डॉक्टरांनी बाटली खिडकीकडं धरली आणि शेजारच्या लॅबमधून आकारामला बोलावलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"जळूगत दिसतंय की ओ," तो म्हणाला. "वीस वर्षं हीच घाण बघतोय. पर ह्ये न्हाय बघितलं."

पाच वर्षांची पवित्रा बापाच्या, वीरेशच्या, खांद्यावर डोकं टाकून पडली होती. पापण्या सुजलेल्या, हातापायांच्या काटक्या, पोट तेवढं पुढं आलेलं. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. जंताचं औषध तीनदा देऊन झालं, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली.

आणि सुष्मिता तर बी.एस्सी. झालेली. पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. पोरीची नखं दर रविवारी कापायची. सासूबाईंच्या, बसव्वांच्या, नखांत एकदा शेणाची हिरवी कड दिसली, तेव्हापासून तिनं त्यांना पोरीला भरवू दिलं नव्हतं. अव्वा मग नातीपुढं ताटली सरकवायच्या आणि हात मागं घ्यायच्या.

"हा नेहमीचा जंत नाही," डॉक्टर म्हणाले. "तळ्यातल्या गोगलगायीतून निघतो आणि पाण्यातल्या झाडांना चिकटून बसतो. कच्चे शिंगाडे खाते का ही?"

"खाती की," वीरेश म्हणाला. "सोमवारचा उपास असतोय घरात."

"साल कशानं काढता? दातानं?"

डॉक्टरांनी बाटली बाजूला सरकवली.

"सालीवरचं तोंडाला लागतं, तोंडाचं गराला. आणि तोच गर मग पोराला भरवायचा. झालं."

"अव्वाचं काम हाय ह्ये," वीरेश म्हणाला. "दिवसभर घरात तीच असती. सांगून ऐकती व्हय?"

"मग त्यांनाही औषध द्यावं लागेल. सोलणाऱ्याच्या पोटात आधी जातं."

सुष्मिताची जीभ पुढच्या दातांमागं जाऊन थांबली.

बाजारातलं कापलेलं फळ ती घरात येऊ देत नसे. शिंगाडा मात्र तिच्या लेखी बंद फळ होतं, आतल्या गराला कुणाचा हात न लागलेलं. उकळून गार केलेल्या पाण्यात ती शिंगाडे धुवायची. घरातली विळी अव्वांच्या हाताखालची, म्हणून साल दातानं फोडायची, आणि पहिला पांढराशुभ्र गर पवीच्या तोंडात. पवी आ करून वाटच बघत असायची. मागच्या थंडीत हे कधीमधी व्हायचं. यंदा मात्र पोरीचं पोट बरं होऊ दे म्हणून तिनं अकरा सोमवार बोलले होते. आजचा आठवा. येताना बाजारातल्या चिमणाबाईच्या पाटीतून घेतलेले अर्धा किलो शिंगाडे आत्ता तिच्या पिशवीतच होते.

तिनं तोंड उघडलं.

"बरी होईल ना हो?" एवढंच बाहेर आलं.

"गोळी लागू पडते. पण अशक्तपणा फार आहे, आणि गोळी इथं मिळत नाही. मागवू. बुधवारपर्यंत लक्ष ठेवा."

लक्ष. तेच तर ती वर्षभर ठेवत आली होती.

उचगावला घरी पोचल्यावर वीरेश उंबऱ्यातूनच बोलला, "अव्वा, दातानं सोलून शिंगाडं कशाला भरवतीस गं पोरीला? डॉक्टरनं चार माणसांत लाज काढली."

अव्वा दुधात भाकरी कुस्करत होत्या. सहा वर्षांमागं शेवटचा दात पडला तेव्हापासून त्यांचं जेवण तेवढंच. शिंगाडा सोडाच, भाजलेला शेंगदाणाही त्यांना फुटत नव्हता. रागाच्या भरात लेक ते विसरला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग सुनेकडं. सुष्मिता पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

"न्हाय भरवत इथनं फुडं," अव्वा म्हणाल्या आणि पुन्हा भाकरी कुस्करू लागल्या.

त्या दुपारी सुष्मितानं शिंगाडे परसात खड्डा करून पुरले. मंगळवारी पवीचा चेहरा आणखी सुजला. अव्वांना सांगावं म्हणून सुष्मिता दोनदा स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही वेळा पाणी उकळत ठेवून परत आली.

बुधवारी दुपारी वीरेश गोळ्यांच्या दोन पुड्या घेऊन आला.

"ही पवीची, ही अव्वाची," म्हणाला आणि हातपाय धुवायला मागं गेला.

अव्वांनी दोन पेले पाणी आणलं, सुष्मिताच्या हंड्यातलं, उकळलेलं. एक पवीपुढं ठेवला. दुसरा पेला आणि स्वतःच्या नावची पुडी त्यांनी सुनेपुढं सरकवली आणि हात मागं घेतला.

"अव्वा, मी..."

"कडू असंल," अव्वा हळूच म्हणाल्या. मागं न्हाणीत पाणी पडत होतं. "आदी तू घे. तुझं बघून ती घील."

सुष्मितानं पुडीची घडी सोडली. समोर पवी, सोमवारच्या सवयीनं, आईकडं बघत तोंड उघडून बसली होती.