पहिला आलेला माणूस

हॉरेसच्या कढईपुढे कुणीच उभं नव्हतं. शेजारी रॉस्कोच्या कढईपुढे मात्र रांग थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. दर शुक्रवारी आमच्या चर्चमधले बाप्ये अंगणात मासे तळतात आणि विकून जे मिळेल ते चर्चच्या पोरांच्या कॉलेजसाठी ठेवतात. रॉस्को मासे करपवतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तरी लोक ते करपलेले तुकडे पावात घालून मुकाट्याने खात होते. माझ्या नवऱ्याच्या हातचा घास त्यांना नको होता.

मी कोबीच्या कोशिंबिरीपाशी उभी राहून बघत होते. संताप येत होता. गावाचा जास्त येतोय की नवऱ्याचा, ते काही ठरत नव्हतं.

झालं होतं असं, की इतकी वर्षं आमच्या देशातली मोठी कॉलेजं काळ्या पोरांना घेताना त्यांचा वंशही जमेस धरायची; प्रवेशात यापुढे वंश बघायचा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि आमच्या गावच्या रेडिओवर त्याची चर्चा लागली. हॉरेसने फोन लावला. "निकाल बरोबर आहे," म्हणाला. "मी काळा आहे, सत्तरी ओलांडलेला आहे. आमच्या पोरांना कातडी बघून आत घेऊ नका. घ्याल, तर जन्मभर लोक त्यांच्याकडे उपकार केल्यासारखं बघतील." मी स्वयंपाकघरातून ओरडत होते, ठेव तो फोन म्हणून. हा माणूस ऐकतो का! आमची मतं लग्नापासून जुळलेली नाहीत. दर निवडणुकीला एकाच गाडीतून जातो आणि एकमेकांचं मत वाया घालवून परत येतो.

पण त्या बोलण्यामागे काय होतं, ते मला माहीत होतं. हॉरेस पाणीखात्यात पंपावर मेकॅनिक होता. फोरमनच्या परीक्षेत तो सगळ्या गोऱ्यांना मागे टाकून पहिला आला. त्या जागेवर बसला न बसला तोच कोर्टाचा हुकूम आला, की खात्याने काळे फोरमन नेमलेच पाहिजेत. झालं! तेव्हापासून निवृत्तीपर्यंत तो 'कोर्टाचा फोरमन'. पंप बंद पडला की माणसं हसायची, चालू झाला की नशीब म्हणायची. कितीतरी संध्याकाळी तो न जेवता नुसता ताटाकडे बघत बसायचा.

"हॉरेस, लेका," रॉस्को तिकडून ओरडला, "एवढं तळतोयस ते खाणार कोण? रेडिओवाल्यांना पाठव!"

रांग खो खो हसली.

"तुझ्यासारखा कोळसा तर नाही करत," हॉरेस म्हणाला.

"तुझं भागलं रे. पेन्शन बसली, नात मोठ्या कॉलेजात गेली. मागच्यांनी काय करायचं?"

"अभ्यास करायचा."

"कुठल्या शाळेत? आपल्या शाळेत विज्ञानाला मास्तर नाही वर्षभर. गोऱ्यांची पोरं निम्मी वाट मोटारीने जातात, अन् मग म्हणे पळायची शर्यत!"

"मग शाळा सुधारा ना! पहिलीपासून सुधारा. तिथं काही करायचं नाही आणि शेवटी कॉलेजच्या दारात उभं राहून रंग मोजायचा. त्यानं गोऱ्यांचं मन शांत होतं, आपल्या पोराला डाग लागतो."

"अन् हे पैसे? हे तर तू आपल्याच पोरांना देतोस."

"हे आपल्या घामाचे आहेत. कुणाची मेहेरबानी नाही."

दोघांचंही मला पटत होतं, हीच तर पंचाईत.

तेवढ्यात ब्रिएल आली. आमच्या लेकीची लेक, आमच्याकडेच वाढलेली. निकालाच्या आदल्या वर्षी तिला उत्तरेकडच्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी ती परत निघणार होती. ताटली घेऊन ती रांग सोडून सरळ आजोबांपुढे जाऊन उभी राहिली. हॉरेसचा चेहरा असा उजळला! त्याने कढईतला सगळ्यात चांगला तुकडा निवडला. ब्रिएलने ताटली पुढे केली नाही.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार की, बाळा."

"माझ्या वर्गातल्या एका मुलानं तुमचं रेडिओवरचं बोलणं सगळ्यांना पाठवलं. वर लिहिलं होतं, ऐका, त्यांच्यातलाच एक म्हातारा खरं बोलतोय. तुम्ही माझे आजोबा आहात, हे त्याला माहीतसुद्धा नाही."

हॉरेसचा चिमटा तसाच हवेत राहिला.

"प्रयोगशाळेत जोड्या लावायच्या असल्या की माझ्याबरोबर कुणी येत नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण कळतं ना. म्हणून तुमच्याकडून ऐकायचंय. मी तिथे कशी गेले? मार्कांनी, की कातडीनं?"

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. मार्कांनी म्हण, मी मनात म्हणत होते. अरे मूर्खा, मार्कांनी म्हण! शाळेत ही पोर कायम पहिली. ती अभ्यासाला बसली की हाच माणूस टीव्ही बंद करून शेजारी पेंगत बसायचा.

"मला माहीत नाही, पोरी," हॉरेस म्हणाला. "तुला मार्क होते. पण त्यांनी काय बघितलं, ते मला नाही माहीत. तुलाही कधी कळणार नाही. हेच तर त्यांनी आपल्यापासून काढून घेतलंय. मी तेवढंच सांगत होतो."

ब्रिएलचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "तुम्ही परीक्षेत पहिले आला होतात."

"हो."

"खात्यात कुणी मानलं?"

"नाही."

"मी मानलं. लहानपणापासून मानत आले. पुरावा नाही मागितला कधी." तिने ताटली टेबलावर ठेवली. "तुम्ही तरी मानायचं होतंत."

ती गेली. थोड्या वेळाने रॉस्कोच स्वतः ताटली घेऊन आला. "दे रे एक तुकडा," म्हणाला. त्याच्या मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. हॉरेसने गॅस बंद केला आणि कढईवर झाकण घातलं. असली गिऱ्हाइकं त्याला नको होती.

घरी आल्यावर तो बूट न काढताच बसून राहिला. "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"मार्कांनी म्हटलं असतंस, तर ते खोटं नव्हतंच, हॉरेस," मी म्हणाले. मला रडू आलं.

एरवी ब्रिएलला विमानतळावर तोच सोडायचा. या वेळी तिने मैत्रिणीला बोलावलं. गाडी दाराशी येताच हॉरेस हवा भरायचा पंप घेऊन बाहेर आला. चाकं बसल्यासारखी दिसतात, म्हणाला. चाकं चांगली होती. तरी गुडघे धरत, कण्हत, तो एकेका चाकापाशी बसत गेला. ब्रिएल गाडीत बसून समोर बघत होती. शेवटचं चाक तिच्या खिडकीखाली होतं.

"मार्कांनी, बाळा," तो खालूनच म्हणाला.

काच उघडी होती. तिने ऐकलं.

"आता नको, आजोबा," ती अगदी हळू म्हणाली. "आता ते दया केल्यासारखं वाटतं."

हॉरेसने मान हलवली. हे दुसऱ्या कुणाला नाही, तरी त्याला समजणारच होतं. तो दाराला धरून उठला, मागे सरला आणि मैत्रिणीला जा म्हणून हात केला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने मूठ उघडली. शेवटच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण त्यात होतं, लावायचं राहून गेलं होतं.