काचेवरचं हळदीकुंकू

"भावना दुखावतील," असं चनमल्लप्पांनी शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मालतीबाईंचा पारा चढला.

"कुणाच्या?"

"कुणाच्या तरी दुखावतीलच की, बाई. देवाधर्माचं काम हाय."

चनमल्लप्पा वाचनालयाचे अध्यक्ष. ते सभेपुरते येत आणि पुस्तकांना त्यांचा काडीचा त्रास नसे. मालतीबाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. पॅलेस्टिनी चित्रकारांची सोळा व्यंगचित्रं त्यांनी दोन वर्षं खपून जमवली होती, काचेच्या फ्रेमांत बसवून हॉलमध्ये टांगली होती. रविवारी अकराला उद्घाटन. आणि ज्या चित्रासाठी हा सगळा घाट घातला, नेमकं तेच अध्यक्षांना नको होतं. त्यात मेरी बाळ येशूला कडेवर घेऊन बेथलेहेमच्या तपासणी नाक्यावर उभी होती आणि एक बंदूकवाला तिच्या डोक्यामागचं तेजोवलय काढून घेऊन पिशवीसारखं तपासत होता.

"ते गेलं तर बाकीची पंधराही मी घरी नेणार."

"न्या की. उद्या मीच येऊन काढतो ते."

घरी जाऊन बाई रडल्या. राग आला की त्यांना रडू यायचं आणि रडू आलं की आणखी राग यायचा.

रविवारी सकाळी दोघं एकदमच हॉलच्या दारात पोचले आणि थबकले. झाडलोटीच्या बिरदेवनं आपलं रोजचं काम उरकलं होतं. हॉलमधल्या तसबिरींना गंध लावायचं, हार घालायचा. भिंतीवर कोण आहे हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. दिवंगत देणगीदार, माजी अध्यक्ष, सरस्वती, सगळ्यांना सारखाच मान. आज सोळा तसबिरी वाढल्या म्हणून त्यानं कुरकुर न करता त्यांनाही गंध लावलं. एका चित्रातल्या गाढवालासुद्धा लावलं. हार मात्र एकच उरला होता. तो त्यानं मेरीला घातला, काचेवर हळदीकुंकू वाहिलं, खाली उदबत्ती लावून दोन केळी ठेवली.

फ्रेम काढायला चनमल्लप्पांनी पुढे होऊन हात वर केला आणि तो तसाच राहिला. नकळत त्यांनी चपला काढल्या.

"आता कसं काढायचं? पूजा झालीय. उत्तरपूजेशिवाय हलवता येत न्हाय. पूजा सांगणाऱ्या आमच्या स्वामींना हिचे मंत्र येतात काय?"

बाईंना हसू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

अध्यक्षांना काहीतरी खोट काढणं भाग होतं. ते चित्राकडे वाकले. "का रे बिरदेवा, आईला लावलंस, लेकराला लावलंस. ह्या बंदूकवाल्याला का न्हाय?"

"त्याला कशापायी, मालक?" बिरदेव फडकं झटकत म्हणाला. "लेकुरवाळी बाई दारात उभी हाय, आन् ह्यो तिला आत घेत न्हाय."

चनमल्लप्पांनी ते चित्र तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

चित्राखाली चिकटवायला बाईंनी दीड पानांचा खुलासा लिहून आणला होता. त्यांनी तो पर्समधून काढला, एकदा वाचला आणि परत आत ठेवला.

"उद्घाटनाचा नारळ कुणी आणलाय?" अध्यक्षांनी विचारलं.