काळा कप

हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या घरात पाय ठेवला तेव्हा वासुदेवअप्पांना वाटलं, पोरानं भांड्यांचं दुकान काढलं. जिन्याच्या पायरीपायरीला बक्षिसाचे कप, खिडकीत ढाली, संडासातला ब्रशसुद्धा पोहण्याच्या शर्यतीच्या चषकात.

"सगळे अँटिक, अप्पा. रविवारच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेत," धवल म्हणाला.

"शर्यती कोणी मारल्या?"

"ते कशाला हवं? घराला उठाव येतो."

"मेलेल्या माणसांच्या घामावर उठाव!" अप्पांनी चहा मागितला. शाळेत कवायतीच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी पळून येणारं हे पोर.

शनिवारी धवलचा साहेब, गेर्ट, जेवायला यायचा होता. सकाळीच धवल अप्पांना खेटून बसला. काही हवं असलं तरच तो असा बसे.

"फायरप्लेसवरच्या फळीवरचा तो मोठा काळा कप तुम्ही कुस्तीत मिळवला, असं मी ऑफिसात सांगितलंय. तुम्ही फक्त मान हलवा."

"मी पिठाची गिरणी चालवली, धवल्या. आखाड्यात कधी उतरलो नाही."

"त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. लोक दळण टाकून निघून जायचे, पीठ कधी कुणी तोलून नेलं नाही. आता या वयात खोट्याला मान हलवू?"

"माझी शोभा करू नका म्हणजे झालं," म्हणून धवल बाजारात गेला.

पाहुण्यापुढे काळं भांडं ठेवायचं, हे मात्र अप्पांना बघवेना. आमटीसाठी भिजवलेली चिंच आणि मूठभर मीठ घेऊन त्यांनी कप घासघासून लख्ख केला. कपाच्या पोटावर अक्षरं उमटली.

धवल परतला आणि किंचाळलाच. "अप्पा! काळेपणा हेच तर अँटिक होतं!"

"कळकटपणाला तुमच्यात अँटिक म्हणतात होय?"

तेवढ्यात बेल वाजली.

गेर्टने आल्याआल्या कप हातात घेतला, उजेडात तिरका धरला आणि हसत सुटला. "पुडलप्रैस!"

धवलचं डच दूध-ब्रेडपुरतं. सून उत्तरा मात्र वर्गाला जाऊन ते शिकली होती. ती अप्पांच्या कानाशी वाकली. "शेवटच्या नंबराला गंमत म्हणून देतात तो कप आहे हा. इथल्याच कुठल्यातरी स्केटिंग क्लबचा."

गेर्टने भुवया उंचावून धवलकडे पाहिलं. धवल लालबुंद झाला. मग खांदे उडवून म्हणाला, "माय फादर टोल्ड मी सो."

एवढं इंग्रजी अप्पांना येत होतं.

"उत्तरा, मी बोलतो ते साहेबाला त्याच्या भाषेत सांग. एक शब्द गाळू नकोस."

"अप्पा, अहो..." धवल मध्येच म्हणाला.

"तू गप रे. सांग, मी गिरणीवाला. पोराला मी असलं काही सांगितलं नाही. कप बाजारातला, थाप पोराची, आणि अंगाशी आल्यावर बापाला पुढे करणाराही तोच. शेवटच्या नंबराचं बक्षीस ना? मग बरोब्बर घरी आलंय."

उत्तराने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं सांगितलं. कुठेही अडली नाही. उलट तिला त्यात मजाच येत असावी.

गेर्ट उठून उभा राहिला. गंभीर चेहरा करून त्याने दोन्ही हातांनी कप धवलपुढे धरला. साहेबाचा हात परतवायचा कसा? धवलला तो घ्यावा लागला.

गेर्टने टाळ्या वाजवल्या. मग उत्तरानेही.